पैनगंगा : सीमा की खोरे? वाशीमच्या नदीवर्णनांचे एक परीक्षण

जिल्ह्याच्या कोणत्याही वर्णनग्रंथात पहिले प्रकरण भूगोलाचे असते, आणि त्या प्रकरणातील नद्यांचा भाग बहुधा सर्वांत कमी तपासलेला असतो. राजवंशांच्या अनुक्रमाविषयी पंडित वर्षानुवर्षे वाद घालतात. परंतु अमुक नदी अमुक डोंगरात उगम पावते व अमुक ठिकाणी दुसरीस मिळते, या वाक्याकडे संशयाने पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ते वाक्य एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरते, तेथून शालेय पुस्तकात येते, आणि शेवटी मुलांच्या वहीत जाऊन बसते. पैनगंगा ही वऱ्हाडची दक्षिण सीमा होय, हे असेच एक वाक्य आहे. प्रस्तुत लेखकाने मास्तरकीच्या काळात ते शेकडो मुलांकडून पाठ करवून घेतले. तेव्हा पुढे जो दोष दाखवावयाचा आहे त्याचा काही वाटा त्याच्याही पदरी येतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

नदीचा मार्ग प्रथम थोडक्यात सांगतो. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत पैनगंगा उगम पावते. मेहकरकडून ती वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात येते. पुढे वाशीम व हिंगोली, आणि त्यानंतर यवतमाळ व हिंगोली-नांदेड यांच्या मधून वाहते. सहस्रकुंडाच्या कड्यावरून उडी घेऊन व माहूरच्या डोंगरास वळसा घालून ती तेलंगणाच्या सीमेवरून पूर्वेस जाते आणि वणी तालुक्यात जुगाद येथे वर्धेस मिळते. येथवर ग्रंथकारांत मतभेद नाही. पण तिची लांबी पाहू गेल्यास कोठे ४९५ किलोमीटर आढळते, तर कोठे ६७६. उगम एक, संगम एक, आणि आकड्यांत एकशे ऐंशी किलोमीटरांचे अंतर! वळणे धरून मोजले की न धरता, याने काही फरक पडेल हे मान्य. परंतु दोन्ही आकडे देणाऱ्यांपैकी एकही आपण कसे मोजले ते सांगत नाही. जेथे मोजता येण्याजोग्या गोष्टीची ही अवस्था, तेथे न मोजता येण्याजोग्या विधानांची काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आता सीमेच्या विधानाकडे वळू. लायलसाहेबाचे १८७० सालचे वऱ्हाड गॅझेटियर, त्यानंतरचे इंपीरियल गॅझेटियर आणि १९१० सालचे अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर ही ज्या परंपरेची पुस्तके, त्या परंपरेत पैनगंगेकडे मुख्यतः एक हद्द म्हणून पाहिले जाते : उत्तरेस वऱ्हाड, दक्षिणेस निजामाचा मुलूख. ज्या काळी ती पुस्तके लिहिली गेली त्या काळी हे खरे होते, यात शंका नाही. दोष त्यांच्या नंतरच्या लेखकांचा. एका विशिष्ट काळची मुलकी हद्द त्यांनी निसर्गसिद्ध व सनातन सीमा म्हणून स्वीकारली आणि पुढे तिच्यावर विदर्भ व मराठवाडा यांच्या स्वभावभेदाचे मनोरेही रचले.

या मताविरुद्ध पहिला साक्षीदार वाशीमचाच आहे. १९३९ साली वाशीम येथे वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाचा हा पुत्र. त्याने आपल्या राज्यवर्षाच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून, हे दान दिले. ताम्रपटाचा आरंभ संस्कृतात व दानाचा भाग प्राकृतात आहे, म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी त्याची पुष्कळ चर्चा केली. भूगोलाच्या दृष्टीने मात्र त्यातील एकच गोष्ट लाखमोलाची आहे : दिलेले गाव नंदिकटाच्या उत्तर मार्गात होते. नंदिकट म्हणजे नांदेड, हे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत सर्वसामान्यपणे मान्य झाले आहे. वाशीम पैनगंगेच्या उत्तरेस व नांदेड दक्षिणेस. म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाशीमला बसलेला राजा नदीपलीकडच्या विभागातील गाव ब्राह्मणांस देतो, आणि आपण सीमा ओलांडीत आहो असे त्यास वाटत नाही. नदी त्याच्या राज्याच्या कडेने नव्हे, तर पोटातून वाहत होती.

दुसरा साक्षीदार अबुल फजल. आईन-ई-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची रुंदी हंड्यापासून बीदरपर्यंत १८० कोस दिली आहे. आणि त्या सुभ्याच्या सरकारांत वाशीम आहे, मेहकर आहे, माहूर आहे, तसेच पाथरीही आहे. पाथरी आज परभणी जिल्ह्यात मोडते. वाशीम व पाथरी ही एकाच सुभ्याची दोन सरकारे असता त्यांच्या मधून वाहणारी नदी सुभ्याची हद्द कशी होईल?

मग ती हद्द झाली केव्हा? डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, तेव्हाही पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच धन्याच्या हाती होते. १८५३ साली कंपनी सरकारने कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतला, तेव्हा नदीचा एक काठ इंग्रजी अंमलाखाली आला व दुसरा निजामाकडे राहिला. यातील विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड घेतला, तिची एक मोठी छावणी हिंगोलीस होती, आणि हिंगोली मात्र निजामाकडेच राहिली! अशा रीतीने कारकुनी गरजेतून जी रेघ निर्माण झाली, ती पुढे १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला तेव्हा कायम राहिली. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वाटले तेव्हाही ती राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले, तरी पुस्तकांतून ती पुसली गेली नाही. चौथ्या शतकापासून मोजले तर सोळाशे वर्षांतील हे एकच शतक. आणि आपण त्यासच निसर्ग म्हणतो.

या चुकीचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. वऱ्हाडच्या गॅझेटियरांनी पैनगंगेचा डावा काठ वर्णिला आणि उजवा हैदराबादच्या लेखकांवर सोडला. त्यामुळे एकाच नदीचे दोन अर्धे दोन निराळ्या कपाटांत जाऊन पडले. उजव्या अंगाने येणारी कयाधू हिंगोलीवरून वाहत येऊन पैनगंगेसच मिळते. प्रल्हादाच्या मातेचे नाव धारण करणारी ही नदी वाशीमच्या विद्यार्थ्यास परकी वाटते, आणि शेकडो मैल दूरची वर्धा मात्र आपली वाटते. कारण वर्धा वऱ्हाडच्या पुस्तकात आहे.

येथे एका दुसऱ्या भ्रमाचाही परामर्श घेणे प्राप्त आहे, कारण तो आमच्या संस्कृतज्ञांनीच पसरविला आहे. पैनगंगा म्हणजे महाभारतातील पयोष्णी, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. काही जुन्या कोशांतही पयोष्णीपुढे पैनगंगेचे नाव दिलेले आहे. नादसादृश्याखेरीज या मतास आधार दिसत नाही. पहिली गोष्ट, विष्णुपुराणातील नद्यांच्या यादीत पयोष्णी ही तापी व निर्विंध्या यांच्या सोबत ऋक्ष पर्वतातून निघणारी सांगितली आहे. इतर पुराणांत ऋक्षाऐवजी विंध्य येतो, पण तापीचा शेजार सुटत नाही. अजिंठ्याच्या रांगेत उगम पावून पूर्वेस जाणाऱ्या नदीस हा शेजार लागू पडत नाही. दुसरी गोष्ट, वनपर्वात युधिष्ठिर भावांसह पयोष्णीत स्नान करतो आणि तेथून वैडूर्य पर्वत व नर्मदा यांकडे जातो. पैनगंगेपासून नर्मदेस जाताना मध्ये पूर्णा, तापी व सातपुडा ही सर्व ओलांडावी लागतात. त्यांचा उल्लेखही न करता कवीने एकदम नर्मदा गाठली असती काय? तिसरी गोष्ट नलोपाख्यानातील. नल दमयंतीस दक्षिणेकडचे मार्ग दाखवितो तेव्हा विंध्य व पयोष्णी ही जोडीने येतात, आणि विदर्भाची वाट त्यांच्यापुढे आहे. उत्तरेकडून येणाऱ्यास पयोष्णी प्रथम व विदर्भ नंतर लागत असेल, तर ती विदर्भाच्या उत्तर अंगाची नदी असली पाहिजे. पैनगंगेशी पोहोचावयास सारा विदर्भ तुडवावा लागतो. पार्जिटरने मार्कंडेय पुराणाच्या भाषांतरात पयोष्णीची ओळख तापीस मिळणाऱ्या पूर्णेशी पटविली, ती या तिन्ही कसोट्यांस उतरते.

राहिला प्रश्न नावाचा. उष्ण या शब्दाचे प्राकृतात उण्ह व मराठीत ऊन झाले. त्याच न्यायाने पयोष्णीचे पओण्ही होईल. त्यातील ओकार गिळून ऐकार कोठून आणावयाचा, हे पैनगंगा-पयोष्णीवाद्यांनी सांगितलेले नाही. पैन या शब्दाची खरी व्युत्पत्ती काय, हा प्रश्न त्यामुळे मोकळा राहतो. आणि तो मोकळा ठेवणे हे चुकीचे उत्तर देण्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

तथापि पयोष्णीच्या वादातून वाशीमकरांच्या हाती काहीच लागत नाही, असे मात्र नाही. उलट, पयोष्णी जर पूर्णा असेल तर तिचेही पाणी काही अंशी वाशीमचेच आहे. कारण काटेपूर्णा. वाशीम तालुक्यात काटा नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरातून काटेपूर्णा निघते व उत्तरेस मालेगाव तालुक्यातून अकोल्याकडे उतरून पूर्णेस मिळते. पूर्णा तापीस, आणि तापी सुरतेजवळ पश्चिम समुद्रास. त्याच काट्याच्या परिसरातून पूस नदी निघते व पूर्वेस पुसदच्या खोऱ्यातून पैनगंगेस जाऊन मिळते; तेथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी पूर्व समुद्र. एकाच शिवारात पडलेल्या मृगाच्या पावसाचे दोन ओघळ दोन समुद्रांस जातात. वाशीमच्या भूगोलातील सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, आणि तिला आमच्या पुस्तकांत मिळालेली जागा पाहिली तर विषाद वाटतो. दोन निरनिराळ्या परिच्छेदांत दोन नद्यांचे उगम सांगून लेखक पुढे जातो. दोन्ही उगम एकत्र ठेवून त्यांचा अर्थ काय, हे बहुधा सांगत नाही. प्रांताची नैसर्गिक सीमा कोठे शोधावयाचीच असेल, तर ती या पाणलोटाच्या धारेवर सापडेल. दक्षिणेच्या नदीपात्रात नव्हे. या धारेच्या पूर्व उतारावरून अरुणावती व अडाण याही यवतमाळकडे जातात. बालाघाटावरील हा प्रदेश नद्यांचे माहेर आहे. माहेरी मुली जन्मतात, पण नांदतात दुसरीकडे.

वत्सगुल्म-माहात्म्य नावाचा जो संस्कृत ग्रंथ आहे, त्याकडे इतिहासाचे अभ्यासक तुच्छतेने पाहतात. वत्स ऋषीच्या तपाची व देवांच्या समुदायाची त्यातील कथा इतिहास म्हणून टिकणार नाही, हे खरेच. पण भूगोल म्हणून तो ग्रंथ गॅझेटियरांहून सरस आहे, असे माझे मत आहे. त्या परंपरेत वाशीमची १०८ तीर्थे मोजतात. ही महानदीच्या काठची तीर्थे नव्हेत. पद्मतीर्थासारखी कुंडे व तळी यांत मुख्य. नाशिकास गोदावरी आहे, पैठणास आहे. वाशीमला नदी म्हणावी तशी नाही, कारण नद्या येथे आरंभ पावतात आणि मोठ्या होण्यापूर्वी निघून जातात. अशा गावी पुण्य साठवावयाचे ते तळ्यातच साठवावे लागते. माहात्म्यकाराने हे नकळत ओळखले होते.

आणि केवळ पुण्यच नव्हे, तर पाणीही. वाशीमजवळील हिस्से बोराळा येथील शिलालेख १९१० च्या गॅझेटियरकारांस ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु नंतरच्या लेखकांस ही सबब नाही. त्या लेखात शके ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८, हा काल दिला आहे. वाकाटक राजा देवसेन याच्या स्वामिल्लदेव नामक आज्ञाकराने सुदर्शन नावाचे तडाग बांधले, असे त्यात म्हटले आहे. सुदर्शन हे नाव वाचताच जुनागडची आठवण होते. तेथील सुदर्शन तलाव मौर्यांच्या काळी बांधला गेला, महाक्षत्रप रुद्रदाम्याने इ. स. १५० च्या सुमारास दुरुस्त केला, आणि फुटल्यानंतर स्कंदगुप्ताच्या अमलात गुप्त संवत् १३७ मध्ये, म्हणजे इ. स. ४५६-५७ च्या सुमारास, चक्रपालिताने पुन्हा बांधविला. म्हणजे सौराष्ट्रात एका सुदर्शनाचा बांध उभा राहिल्यास जेमतेम वर्ष झाले असेल, तोच वाशीमच्या शेजारी दुसऱ्या सुदर्शनाचा लेख कोरला गेला. एकाची कीर्ती ऐकून दुसऱ्यास नाव दिले, असे मी म्हणत नाही. त्यास पुरावा नाही. सुदर्शन हे जलाशयाचे रूढ व शुभ नावही असू शकेल. पण वाशीम जिल्ह्यातील धरणांचा इतिहास एकबुर्जीपासून सुरू करणाऱ्यांनी पंधराशे वर्षे गाळली आहेत, एवढे यावरून निश्चित होते.

एकबुर्जी हा १९६४ सालचा प्रकल्प. वाशीमजवळच्या चंद्रभागा नामक लहान नदीवर तो बांधलेला असून त्याचा उपयुक्त साठा सुमारे १२ दशलक्ष घनमीटर आहे. वाशीम शहर त्याच्यावर अवलंबून आहे. अडाण नदीवरील कारंजा तालुक्यातील धरणाचा साठा सुमारे ६७. ही दोन्ही वाशीमच्या हद्दीत, म्हणून वाशीमच्या पुस्तकात येतात. आता बाहेरचे पाहा. काटेपूर्णेवरील महान येथील धरण (१९७४) अकोला जिल्ह्यात : उपयुक्त साठा ८६ हून थोडा अधिक, त्यावर अकोला शहराचा पाणीपुरवठा. अरुणावतीवरील धरण दिग्रसजवळ यवतमाळात : सुमारे १७०. पूस धरण पुसदजवळ, तेही यवतमाळात : सुमारे ९१. आणि पैनगंगेवरील इसापूर, ज्याची एक बाजू यवतमाळात व दुसरी हिंगोलीत टेकते : ९६४. या जलाशयांत येणारे सर्व पाणी वाशीमचेच असते, असे मुळीच नाही. वाटेत इतर ओढे मिळतात. पैनगंगेचे तर येलगाव व पेनटाकळी येथे बुलढाणा जिल्ह्यातच अडविणे सुरू होते. पण वाशीमच्या पाण्याचा हिशेब ज्यास कळावयाचा आहे, त्याने महान, दिग्रस, पुसद व इसापूर ही नावे वाशीमच्याच प्रकरणात वाचली पाहिजेत. आणि तेथेच ती बहुधा नसतात.

यात एक विशेष गोष्ट अशी की, १९७४ पासून १९९८ पर्यंत काटा व महान ही दोन्ही ठिकाणे एकाच अकोला जिल्ह्यात होती. उगम आणि धरण एका पुस्तकात मावत होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा निराळा झाला, आणि नदीचे डोके एका जिल्ह्यात व पोट दुसऱ्यात गेले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली निघाला. जिल्हे लहान होणे राज्यकारभारास सोयीचे असेल. नदीच्या वर्णनास ते घातक ठरले, कारण वर्णनकार जिल्ह्याच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकीत नाहीत.

खाली धरण बांधले हा कोणाचा अपराध नव्हे. माथ्यावर पाणी थोडे, दरी अरुंद. साठा मोठा हवा तर खोरे रुंद होते तेथेच जावे लागते, हे स्थापत्याचे साधे गणित आहे. स्वामिल्लदेवाचे तडाग व इसापूरचा जलाशय यांची तुलना करणे हास्यास्पद होईल. माझा आक्षेप धरणांवर नसून पुस्तकांवर आहे. आणि हे पुस्तकांना अशक्य नाही, याचा पुरावा न्यायालयीन कागदांत आहे. गोदावरी जलविवाद लवादाने १९८० च्या निवाड्यात साऱ्या गोदावरी खोऱ्याचे बारा उपविभाग कल्पिले, आणि त्यांतील सातवा पैनगंगेचा. त्यात जिल्हे पाहिले नाहीत, पाणलोट पाहिला. राज्याराज्यांचा तंटा तोडावयाचा होता म्हणून तेथे खरा भूगोल वापरणे भाग पडले. पुढे २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यात जो करार झाला, त्यात पैनगंगेवरील चनाका-कोरटा बंधाऱ्याचाही समावेश आहे. तेथे नदी आजही दोन राज्यांची हद्द आहे, आणि तिच्याविषयी बोलावयाचे तर दोघांनी एकत्र बसावे लागले. लवादाचे काम एका निवाड्याने संपते. गॅझेटियर मात्र पन्नास वर्षे ग्रंथालयात राहते व पिढ्यानपिढ्या वाचले जाते. म्हणून त्याच्यावरील जबाबदारी अधिक.

गॅझेटियरकारांस न्याय द्यावयाचा तर इतके म्हटले पाहिजे की, ती महसुलाच्या कामाची पुस्तके होती. जिल्हाधिकाऱ्यास आपल्या हद्दीतील पूल, घाट व बुडणारी शेते माहीत असावीत, एवढाच त्यांचा हेतू. पाणलोट शिकविण्याचा त्यांनी दावा केला नाही. त्यांची माहिती त्या मर्यादेत बहुतांशी विश्वसनीय आहे आणि आमच्यापैकी कोणीही तिच्याशिवाय काम करू शकत नाही. परंतु महसुली पुस्तकास ज्यांनी भूगोलाचे प्रमाण मानले, त्या आमच्या मराठी लेखकांनी हा भेद ओळखावयास हवा होता.

वाशीम जिल्ह्याचे नवे वर्णन जो कोणी लिहील, त्याने नद्यांच्या प्रकरणाचा आरंभ पैनगंगेपासून न करता काट्यापासून करावा, अशी माझी सूचना आहे. प्रथम पाणलोटाची धार. मग तिच्या उत्तरेस काटेपूर्णा, महानपर्यंत व तेथून पूर्णेपर्यंत. मग पूर्वेस पूस, अरुणावती व अडाण, त्यांच्या धरणांसह. आणि शेवटी दक्षिणेस पैनगंगा, कयाधूसह दोन्ही काठांची, उगमापासून जुगादपर्यंत. लांबी द्यावी तर ती कशी मोजली हे त्याच ओळीत सांगावे. धरणांच्या यादीत पहिली नोंद शके ३८० ची असावी. आणि पयोष्णीचे नाव पैनगंगेपुढून काढून पूर्णेपुढे लिहावे.